बिर्याणी नसलेली दावत

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीत मुसलमान माणूस रुजू झाला, की पहिल्या आठवड्यातच त्याला एक प्रश्न विचारला जातो. "मग, बिर्याणी कधी?" प्रश्नात वाईट काही नसतं. विचारणारा आपल्या परीनं जवळीकच साधत असतो. ईद जवळ आली, की या प्रश्नाला शीरखुर्म्याची पुरवणी जोडली जाते. आम्ही दोघं नवरा-बायको एकाच बँकेत, पण पुण्यातल्या वेगवेगळ्या शाखांत नोकरी करतो. दोघांची मिळून चाळीसएक वर्षं नोकरी झाली. एवढ्या काळात हा प्रश्न आम्ही किती वेळा ऐकला, याचा हिशेब बँकवाले असूनही आम्ही ठेवलेला नाही.

आमच्या घरी बिर्याणी होते वर्षातून पाच-सहा वेळा. उरलेल्या दिवशी हे लोक काय खातात, असं मात्र कधी कोणी विचारलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडतात, तेव्हा आमच्या डब्यात मेथीची भाजी असते, मटकीची उसळ असते, कधी नुसती चटणी-भाकरी असते. ते दिसतं सगळ्यांना, पण कोणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती न खाल्लेली बिर्याणी.

आमच्यापैकी एकीचं माहेर सोलापूर आणि एकाचं गाव चिपळूणजवळ. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी हीच मोठी अडचण मानली होती. मुसलमान दोघेही, पण एकाच्या घरी बोलायची कोकणी बोली आणि दुसरीच्या घरी दखनी. एकीकडे सकाळी तांदळाची भाकरी, दुसरीकडे ज्वारीची. एकीकडे खाडीतली मासळी, ओलं खोबरं आणि आमसूल. दुसरीकडे शेंगदाण्याची चटणी, चिंच आणि लग्नाकार्यात दालचा-खाना. सुरुवातीची दोन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात खोबरं विरुद्ध शेंगदाणा असा झगडा चालला होता. तो मिटला आणि आता दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात. हे सांगायचं कारण एवढंच, की 'मुसलमानांचं जेवण' म्हणून जे एकच एक ताट लोकांच्या डोळ्यांपुढे असतं, ते आमच्या दोघांच्या घरांत कधी नव्हतंच. जी माती होती, तिचं ताट होतं.

दोन्ही शाखांतल्या सहकाऱ्यांना घरी जेवायला बोलवायचं बरेच दिवस मनात होतं. आम्ही त्यांच्याकडे सत्यनारायणाला गेलो होतो, बारशाला गेलो होतो, मुलींच्या लग्नांत पंगती वाढल्या होत्या. आमच्याकडे त्यांचं येणं मात्र ईदच्या दिवशी उभ्या उभ्या, वाटीभर शीरखुर्म्यापुरतं. तेही चार-पाच जणांचं. या वेळी नीट बसून जेवण व्हावं आणि ते ईदच्या दिवशी नसावं, असं ठरवलं. सण नसताना येतो तो माणसाकडे येतो.

कॉलेजात शिकणारी आमची मुलगी म्हणाली, "नुसतं जेवायला बोलावलंत तर सगळे बदल्या, बढत्या आणि व्याजदर बोलतील. काहीतरी खेळ ठेवा." खेळ तिनंच काढला. ताटातल्या प्रत्येक पदार्थाला एक घडी घातलेली चिठ्ठी लावायची. वर पदार्थाचं नाव. पाहुण्यांनी दोन गोष्टी ओळखायच्या: हा शब्द कुठून आला आणि ही वस्तू कुठून आली. मग घडी उघडून उत्तर बघायचं. ज्याची उत्तरं जास्त बरोबर, त्याला हंडीतली खरवड. खरवडीवर आमच्याकडे लहानपणापासून मारामाऱ्या झालेल्या, त्यामुळे बक्षीस मोठं होतं.

उत्तरं शोधायला आम्ही दोन जुने कोश आणले. एक मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती. त्यात परभाषेतून आलेल्या शब्दापुढे तो फारसी, अरबी की आणखी कुठला याची खूण दिलेली असते. दुसरा माधव ज्युलियन यांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश. ज्या कवीच्या गझला आपण शाळेत ऐकल्या, त्यानं एवढा मोठा कोश केला, हे आमच्या मुलीला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवस रोज रात्री जेवणं झाली, की आम्ही तिघं कोशात तोंड घालून बसायचो.

निमंत्रणाचा मजकूर असा होता: "शब्दांची दावत. शनिवारी रात्री साडेसात. लहान मुलांसह यावे. सूचना: बिर्याणी मिळणार नाही." शेवटच्या ओळीवरून दोन्ही शाखांत आठवडाभर हशा चालला होता.

हशा आमच्यापर्यंत येत होता, तशा काळज्याही येत होत्या. आम्ही राहतो कोंढव्यात. पुण्यात जन्म काढलेल्या दोघा-तिघांनी विचारलं, "रात्री परतायला उशीर झाला तर रिक्षा मिळतात ना तिकडे?" कॅम्पाच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर असलेली आमची वस्ती त्यांच्या बोलण्यात 'तिकडे' असते. आम्ही म्हटलं, मिळतात, आणि नाही मिळाल्या तर आम्ही सोडू. दुसरी काळजी स्वयंपाकाची. चौघे शाकाहारी, त्यात एक जैन, कांदा-लसूण-बटाटा न खाणारे. भांडी वेगळी असतील का, हे कोणी तोंडानं विचारलं नाही. पण न विचारलेला प्रश्न ओळखायची सवय आम्हाला आहे. आम्ही शाकाहारी स्वयंपाकासाठी नवी पातेली आणि पळ्या आणल्या आणि तसं सहज बोलता बोलता सांगूनही टाकलं. यात आम्हाला कमीपणा वाटला नाही. आम्हीही बाहेर जेवायला गेलो, की मटण हलाल आहे का, हे विचारतोच. खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे नियम कळायला हवेत.

२०२५ च्या जानेवारीतला दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी. चौदा जणांना बोलावलं होतं, अकरा आले. संक्रांत तोंडावर होती म्हणून तिघींनी तिळाच्या वड्या आणल्या. दिवाणखान्यातलं सामान हलवून लांब दस्तरखान अंथरलं होतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी कडेला खुर्च्या. शाकाहारी पदार्थ एका टोकाला ठेवले, कोणाला मटणाच्या भांड्यावरून हात न्यावा लागू नये म्हणून. पण दस्तरखान एकच.

ताटात होतं ते असं. कोकम सरबत. तांदळाच्या आणि ज्वारीच्या भाकऱ्या. सोलापुरी शेंगाची चटणी. दुधी घालून केलेला चिंचेचा दालचा, मटणाचा वेगळा आणि बिनमटणाचा वेगळा. खोबऱ्याच्या वाटणातला कोंबडीचा रस्सा. त्याच्याबरोबर वाफवलेली सांदणं. जैन मित्रासाठी कांदा-लसणाशिवाय मुगाची उसळ. साधा भात. गोडाला नारळाच्या दुधातली तांदळाची खीर, आणि सोलापूरकडे मोहरममध्ये करतात ते गुळाचे चोंगे. शिवाय खेळासाठी म्हणून बाजारातून आणलेली बर्फी, जिलबी आणि पाव.

खेळ सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचे अंदाज कोलमडले. पाव आणि बटाटा पोर्तुगिजांचे, हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं. बर्फी फारसी 'बर्फ'वरून, हे कळल्यावर लोक हसले. हलवा, मसाला अरबीतले. जिलबीचा अरबी पूर्वज 'झलाबिया'. मग चक्रं उलटी फिरली. साखर? सगळ्यांनी डोळे मिटून लिहिलं: फारसी. घडीत लिहिलं होतं: संस्कृत 'शर्करा'. आपल्याकडून तो शब्द फारसीत 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर' झाला आणि तिथून युरोपात गेला. चिंचेला अरबीत म्हणतात 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानातला खजूर. इंग्रजी टॅमरिंड त्यातूनच आला. नारळाला अरब म्हणतात 'जौझ-अल-हिंद', हिंदचं कवचफळ. आमचे कर्जविभागातले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आयात-निर्यात दोन्ही खात्यांवर नोंदी आहेत." बँकेतला माणूस तो, त्याला तसंच दिसणार.

शाखेतले जुने शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते सातारा जिल्ह्यातले. ते इतका वेळ गप्प होते. दालच्यातलं मटण चाखून म्हणाले, "आमच्या गावात पिराची कंदुरी असते. बोकड आमचा, कापायला मुलाणी. निवद पिराला, आणि मग सारा गाव जेवतो. ही चव तिथली वाटली." दोन शहरी मुलांनी कंदुरी हा शब्दच ऐकला नव्हता. मामांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं: नवस कसा बोलतात, मुलाण्याला बलुतं काय मिळायचं, उरूस कधी असतो. त्या रात्री आमच्या घरातल्या चालीरीतींची माहिती आमच्याआधी मामांनी दिली. आम्ही फक्त वाढत होतो.

गंमत चालू असतानाच एक वाक्य आलं. नव्यानं लागलेला एक तरुण अधिकारी, हुशार, मोकळा, मराठीचा कळकळीचा अभिमानी. तो म्हणाला, "पण सर, असं असेल तर मराठीत आपलं उरलं काय? अर्धे शब्द घुसखोरच म्हणायचे." हेतू वाईट नव्हता. तरीही खोली क्षणभर शांत झाली. घुसखोर हा शब्द अलीकडे कोणाला उद्देशून वापरला जातो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि तो शब्द एका मुसलमानाच्या घरात, त्याच्याच दस्तरखानावर पडला होता.

उत्तर आमच्या मुलीनं दिलं. ती कोश उघडूनच बसली होती. म्हणाली, "दादा, 'घुस' आपला, पण 'खोर' फारसी. खोर म्हणजे खाणारा. आज आपण सगळेच खोर आहोत." सगळ्यात मोठ्यानं हसला तो तरुणच. मग कर्जविभागातल्या गृहस्थांनी विषय पुढे नेला. शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, ही गोष्ट त्यांनी सांगितली. आमची मान्यता होतीच; राज्य आपलं, तर त्याची भाषा आपली असावी, हा विचार मोठाच आहे. पण लगेच तेच म्हणाले, "तरी पुढे पुण्यात बसले ते पेशवेच. पेशवा फारसी. चिटणीसातला 'नवीस' फारसी. माझं आडनावही त्यातलंच. आता मी काय करू, आडनाव परत पाठवू?" यावर पुन्हा हशा झाला. जे वाक्य त्या घरात गाठ होऊन बसलं असतं, ते हसण्यात सुटलं. असं नेहमी होत नाही. त्या रात्री झालं.

आता ज्यांच्याबद्दल सांगायचं, त्या आमच्या कॅशियर बाई. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, कामात चोख, स्वभावानं मायाळू. सहा वर्षं आम्ही जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसतो. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या डब्यातलं काही घेतलेलं नाही. कारण कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आमच्या आजारपणात त्यांनी दोनदा घरी फोन केला होता, मुलीच्या दहावीच्या निकालाला पेन दिलं होतं. निमंत्रण दिलं तेव्हा म्हणाल्या, "येईन. पण माझा शनिवार असतो. मी माझा डबा आणते हं, राग नका मानू." शनिवार बहुतेक लोक रात्री सोडतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ते बोलायचं नसतं. माणूस यायला तयार आहे, ही गोष्ट मोठी.

त्या आल्या, दस्तरखानाच्या टोकाला खुर्चीवर बसल्या, आपली पाण्याची बाटली आणि स्टीलचा डबा काढला. डब्यात साबुदाण्याची खिचडी. खेळ रंगात आल्यावर त्याच म्हणाल्या, "माझ्या डब्याला का नाही चिठ्ठी? मलाही खेळू द्या की."

मग खिचडीवर सगळे तुटून पडले, म्हणजे शब्दांनी. साबुदाण्यातला 'साबू' मलाय भाषेतला, साबूच्या झाडाचा. आज आपण खातो तो साबुदाणा मात्र टॅपिओकाच्या कंदापासून, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला होतो, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच. मिरचीही अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर आली, नाव मात्र आपल्या मिरीवरून घेतलं. "मीठ तरी आपलं असेल?" बाईंनी विचारलं. उपासाचं म्हणून त्या सैंधव घालतात. सैंधव म्हणजे सिंधू नदीच्या मुलखातलं. त्याच्या प्रसिद्ध खाणी खेवड्याला, आणि खेवडा आज पाकिस्तानातल्या पंजाबात. बाई डब्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं बाई! चाळीस वर्षं उपास करतेय मी. यात माझं आहे तरी काय?" आमच्या मुलीनं सांगितलं, "तूप तुमचं. आणि उपास तुमचा." मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचा रोजा? तो शब्द कुठला?" आम्ही सांगितलं, फारसी, रोज म्हणजे दिवस, त्यावरून. अरबीत 'सौम' म्हणतात. कुराण अरबीत, पण मराठी मुसलमान उपासाला फारसी शब्द वापरतो आणि तोही मराठी वाक्यात: "आज माझा रोजा आहे." बाई म्हणाल्या, "माझा शनिवार आहे, तसंच की."

त्यांनी डब्याच्या झाकणात खिचडी काढली आणि ती झाकणं दस्तरखानावर फिरली. अकरा पाहुणे आणि घरचे तीन, सगळ्यांच्या वाट्याला चमचाभर आली. आम्ही त्यांच्या हातचं खाल्लं. त्यांनी आमच्या घरचं त्या रात्री काहीच खाल्लं नाही. पाणीही आपल्या बाटलीतलंच प्यायल्या. हे आम्ही जसं घडलं तसं लिहितो आहोत. गोष्ट गोड व्हावी म्हणून त्यांच्या हातात आम्ही खोटा खिरीचा वाडगा देणार नाही. एका संध्याकाळी माणूस साठ वर्षांची सवय उतरवून ठेवत नाही. पण सहा वर्षांत जे त्यांनी विचारलं नव्हतं, ते विचारलं. आमचा दिवस आणि त्यांचा दिवस एका वाक्यात बसतो, हे त्यांचं त्यांनी शोधून काढलं. आम्हाला तेवढं पुष्कळ झालं.

शेवटची चिठ्ठी कोणत्याच पदार्थावर नव्हती, दारावर लावलेली होती. तिच्यावर दोन शब्द: मेजवानी आणि पाहुणा. 'मेजवानी' सगळ्यांनी अस्सल मराठी ठरवला. तो फारसी 'मेजबान'वरून आलेला, मेजबान म्हणजे यजमान. 'पाहुणा' संस्कृतातल्या 'प्राघूर्ण'वरून प्राकृतातून आलेला. बोलावणारा फारसी, येणारा संस्कृत, आणि त्यांची भेट मराठीत. खरवड जिंकली मामांनी. कोशातलं एकही उत्तर त्यांना येत नव्हतं, पण मसाल्याच्या वासावरून त्यांनी प्रत्येक वस्तू कुठल्या जमिनीत होते, ते बरोबर सांगितलं होतं.

निघताना तो तरुण अधिकारी दारात रेंगाळला. म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझ्याकडे करायचं होतं. पण आमच्या घरमालकाची अट आहे. मांसाहार नाही, ते ठीक आहे. पण…" पुढे त्याला बोलवेना. आम्ही त्याला मोकळं केलं. २०११ साली आम्ही पुण्यात भाड्यानं घर शोधत होतो, तेव्हा फोनवर आमचं नाव सांगताच 'घर गेलं' असं सांगणारे चार-पाच तरी भेटले होते. त्यातला एक तर तासाभरानं आमच्याच मित्राला तेच घर दाखवायला तयार झाला. मित्राचं नाव वेगळं होतं. कोंढव्यात आम्ही आवडीनं आलो, असं लोकांना वाटतं. आवड नंतर लागली. ही हकिगत आम्ही सहसा सांगत नाही; पाहुण्यांना तर नाहीच. त्या रात्री जिन्यात उभं राहून सांगितली, कारण त्यानं विचारलं नसलं तरी त्याला कळायला हवी होती. तो ऐकून घेत राहिला. म्हणाला, "सर, अट वाचून मी सही केली होती. ती कुणाबद्दल आहे, हा विचारच केला नव्हता."

दावत देऊन जग बदलत नाही. अकरा माणसांचं जेवण झालं, हसणं झालं, काही शब्दांचे पत्ते सापडले. एकमेकांच्या घरी जायची सवय सुटली, की माणूस दुसऱ्याबद्दल ऐकीव गोष्टींवर जगू लागतो आणि ऐकीव गोष्टींना चव नसते, नुसता वास असतो. घरी बोलावणं एवढं तरी आपल्या हातात आहे. त्यासाठी बिर्याणी लागत नाही. रोज रांधतो तेच पुरतं.

मार्चमध्ये त्या तरुणाचा फोन आला. घर बदलतोय म्हणाला, अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. भाडं थोडं जास्त पडेल. आम्ही विचारलं, नवं घर शोधताना अट कोणती ठेवली आहेस? म्हणाला, "एकच. पाहुणे कोण येणार, हे घरमालकानं विचारायचं नाही."